गवताचा सातबारा

आमच्या फाटकापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत एक पट्टी आहे. लांबी सव्वीस फूट, रुंदी नऊ. तिच्यात मी गवत लावलं आहे. आपोआप उगवलेलं नाही, लावलेलं आहे. हा फरक यवतमाळातल्या आमच्या लेआउटमध्ये समजावून सांगण्यात माझी तीन वर्षं गेली.

माझी नोकरी जमीन मोजणीची. पंचवीस वर्षं मी आर्णी, बाभुळगाव, उमरखेड या बाजूंच्या शेतांतून साखळी, टेबल आणि आता यंत्र घेऊन हिंडतो आहे. मोजणीत कामापेक्षा थांबणं जास्त असतं. दोन भाऊ धुऱ्यावर उभे राहून दगड इकडे होता की तिकडे, यावर भांडत असतात आणि आपण बाभळीखाली बसून राहतो. अशा बसण्यात मला धुऱ्यावरची गवतं दिसू लागली. कापूस आणि तूर बांधापर्यंत येऊन थांबतात. बांधावर मात्र कोणी पेरलेलं नसतं, तरी दर पावसाळ्यात तीच गवतं त्याच क्रमानं वर येतात. मारवेलाच्या तुऱ्यांना जांभळी बोटं फुटतात. पवन्याची पाती वाळली की तांबूस होतात. तिखाडीचं पान चुरगाळलं की गुलाब आणि आलं एकत्र कुटल्यासारखा वास येतो. हे सगळं मी आधी डोळ्यांनी आणि मग वहीत नोंदवत गेलो, कारण नोंदवल्याशिवाय मला काही पाहिल्यासारखं वाटत नाही.

पहिले तीन ठोंब बाभुळगावकडच्या एका धुऱ्यावरचे. तो धुरा दुसऱ्या दिवशी जेसीबीनं सरळ करणार होते. तरीही मी शेतकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, न्या ना. पाहिजे तं पूर्ण धुरा न्या." मी तीनच नेले.

घरी माझ्या चुका झाल्या, त्याही सांगतो. पहिल्या वर्षी तिखाडीला शेणखत घातलं. ती सहा फूट चार इंच वाढली आणि भाद्रपदातल्या एका सरीत सगळी आडवी झाली. दुसऱ्या वर्षी खत बंद केलं, ती साडेचार फुटांवर थांबली आणि उभी राहिली. या गवतांना लाड सोसत नाहीत. लावल्यावर पहिला पावसाळा संपेपर्यंत पाणी, नंतर नाही. होळीच्या आधी एकदा चार बोटं ठेवून छाटायचं. तीन वर्षांनी ठोंबाचा मधला भाग मरतो आणि कडेचे फुटवे जिवंत राहतात, तेव्हा पहिल्या पावसानंतर विळ्यानं ठोंब फाडून फुटवे सव्वादोन फुटांवर लावायचे. कांसाला मात्र मोकळं सोडायचं नाही. त्याची मुळं जमिनीखालून शेजाऱ्याच्या घरात जातील. मी दोन जुन्या ड्रमांची बुडं कापली, ड्रम जमिनीत पुरले आणि कांस त्यांत लावला.

चौथ्या वर्षी पट्टीत एकेचाळीस ठोंब झाले. तिखाडी चौदा, मारवेल नऊ, पवन्या आठ, कुसळ पाच, वाळा तीन, कांस दोन. दोन आलेखकागद जोडून मी पट्टीचा नकाशा काढला, प्रत्येक ठोंबाला क्रमांक दिला आणि मागच्या कोष्टकात जात, कुठून आणला, कधी लावला, कोणी लावला, असे रकाने केले. शेवटच्या रकान्यात सगळीकडे "स्वतः" होतं. तरी रकाना केला. नकाशा अर्धवट सोडायची सवय नाही.

समोरचे शेजारी निवृत्त आहेत आणि सकाळी आमच्या फाटकाशी थांबल्याशिवाय त्यांचा फेरा पूर्ण होत नाही. ते विचारायचे, "साहेब, म्हैस केव्हा आणता?"

"तारीख ठरली की सांगतो."

"नाही, वैरण तयार दिसते म्हणून विचारलं."

हे मला चालत होतं. अडचण माझ्या घरातच होती. बायकोचं माहेर चार पिढ्या कचेरीत काम करणाऱ्यांचं. तिच्या मते अंगण म्हणजे गुलाब, शेवंती, फार तर एक चाफा. तिनं तीन वर्षं सहन केलं. गेल्या भाऊबीजेला मात्र तिच्या माहेरच्या बायका आल्या आणि फाटकाजवळच्या कुसळाला घासून आत आल्या. कुसळाचं बी काट्यासारखं, वर पीळ पडलेली लांब शेपटी. ते कापडात शिरलं की पुढेच जातं, मागे येत नाही. सात बायका दिवाणखान्यात बसून साड्यांचे काठ साफ करत होत्या. एकीची पैठणी होती.

रात्री बायको म्हणाली, "महालक्ष्म्यांपर्यंत वेळ देते. जेवायला येणाऱ्या चार लोकांनी ही बाग आहे असं म्हटलं, तर राहील. नाही तर गट्टू बसवू."

गट्टू म्हणजे सिमेंटचे ते रंगीत ठोकळे. आमच्या ओळीतल्या अकरापैकी नऊ घरांच्या अंगणात आहेत. पाऊस पडला की त्यांच्यावरून पाणी सरळ रस्त्यावर येतं. मी वाद घातला नाही. तिची तक्रार रास्त होती, चूक माझीच होती. पावसाळा लागताच कुसळाचे पाचही ठोंब मागच्या भिंतीशी नेले, वाटेपासून सात फूट लांब, आणि यापुढे बियांना पीळ पडायच्या आत तुरे कापायचं ठरवलं. वाटेच्या कडेला तिखाडी, मारवेल आणि पवन्या ठेवले. श्रावण चांगला गेला. भाद्रपद लागला तेव्हा मारवेल फुलला होता, पवन्याला तुरे धरले होते, वाळ्याचे तांबडे तुरे माझ्या खांद्याला लागत होते आणि ड्रममधला कांस पांढरा होऊ लागला होता. मी रोज कचेरीतून आल्यावर वाटेच्या दोन्ही टोकांहून पाहायचो आणि मनात म्हणायचो, चार लोक काय, चौदा म्हणतील.

महालक्ष्म्यांना माझी मोठी बहीण आली. तिला आम्ही आक्का म्हणतो. आर्णीजवळ तिची सतरा एकर शेती आहे आणि वयाच्या नवव्या वर्षापासून आजवर ती निंदण करते आहे. मला शिकवण्यासाठी माझ्या वाट्याचं निंदणही तिनंच केलं. पट्टी तिनं पाहिली होती ती फक्त एकदा, होळीच्या सुमारास, सगळं छाटलेलं असताना. या वेळी तिची बस आली तेव्हा अंधार पडला होता आणि पाऊस भुरभुरत होता. ती पिशव्या घेऊन सरळ आत गेली.

इथं मला एक कबूल करायचं आहे. त्या रात्री जेवताना मी तिला गवताबद्दल सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. जिनं चव्वेचाळीस वर्षं गवत उपटलं, तिला मी हौसेनं गवत लावतो हे सांगायची मला लाज वाटली.

सकाळी मी केळीची पानं आणि फुलं आणायला बाजारात गेलो. सव्वाआठला परत आलो. गाडी बंद केली आणि फाटकाशीच वास आला. तिखाडीचा, पण रोजचा नाही. एखाद्या भट्टीजवळ यावा इतका दाट.

आक्का पट्टीत ओणवी होती. लुगड्याचा पदर खोचलेला, हातात जिन्याखालची माझी कुदळ. वाटेच्या बाजूची अर्धीअधिक पट्टी काळीभोर, सपाट. कडेला ठोंबांचा ढीग रचलेला, माती झटकून, सगळी मुळं एका दिशेला. शेतात बायका रचतात तसा.

"आला काहो बापू? पाह्य, अर्ध झालं." तिनं कंबर सरळ केली. "उठली, पाहतो तं अंगणात हे जंगल! म्हटलं, नोकरीवाल्याईले कुठून सवड. आज लक्ष्म्या येणार, त्याईनं काय गवतातून याव?"

मी ढीग मोजला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून मोजला. तेवीस.

"ते दोन मोठे ड्रममधले तुह्यासाठी ठेवले," ती म्हणाली, "त्याले टिकास लागन. आन दूर्वा ठेवल्या बरं. दूर्वेले हात नाही लावला."

खरंच, काळ्या मातीवर हरळीची हिरवी जाळी जिथल्या तिथं होती. त्या पट्टीत तण म्हणून एकच गोष्ट होती, ती हरळी. तीन वर्षं दर रविवारी बसून मी तिची पेरं वेचत होतो. आक्कानं सणाची म्हणून नेमकी तीच ठेवली होती.

बायको दारात आली. तिनं ढीग पाहिला, मला पाहिलं. "चला," ती म्हणाली, "गट्टूवाल्याचं काम हलकं झालं."

आक्कानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "काहून व? काय झालं?"

"आक्का," मी म्हणालो, "हे मी लावलेलं आहे."

"काय लावलेलं?"

"हे गवत."

"गवत लावलं?" तिला वाटलं मी थट्टा करतो आहे. मग माझं तोंड पाहून तिनं कुदळ खाली ठेवली. "कायले बे?"

मी आत जाऊन नकाशा आणला आणि तिच्यासमोर पायरीवर पसरला. तिला वाचता येतं, आकडे तर माझ्यापेक्षा वेगानं येतात. एकेका गोलावर बोट ठेवत ती गेली. क्रमांक, जात, कुठल्या गावच्या धुऱ्यावरून, कोणत्या वर्षी.

"हा तं गवताचा सातबारा हाय!" ती म्हणाली आणि हसायला लागली. मोठ्यानं हसली. मला राग आला, आणि रागातच मलाही हसू आलं. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं. ओळ सहा, सात आणि आठ. तिथं तिच्याच गावाचं नाव होतं. हे तिन्ही पवन्या मी तिच्या शेताच्या धुऱ्यावरून, भाऊजींना विचारून, आणले होते.

तिचं हसणं थांबलं. "हे माह्या वावरातले?"

"हो."

"आन मीच उपटले."

त्यानंतर तिनं जे केलं ते मी आयुष्यभर सांगत राहीन. तिनं वर आभाळाकडे पाहिलं, वाकून मूठभर माती दाबून पाहिली आणि म्हणाली, "रडत नको बसू. पावसात निंदलेलं गवत मरते काय? आम्ही सकाळी उपटून टाकतो, आठ दिवसांनी पाहतो तं मेलं तिथंच धरलेलं असते. ह्याच्यापायीच तं आमचा जन्म गेला. आण विळा."

आम्ही बसलो. पण लगेच अडचण आली. तेवीस ठोंब एकाच ढिगात, तुरे तुटलेले, पाती चिखलानं माखलेली. मारवेल आणि पवन्या मी तुऱ्यावरून ओळखतो. तुरा नसला की माझी वही आणि मी दोघंही आंधळे. नकाशा सांगत होता कोणत्या जागी काय होतं. हातातलं हे काय आहे, ते नकाशा सांगत नव्हता.

आक्कानं ढिगातून एक ठोंब उचलला, बुडाशी अंगठा फिरवला. "ह्याच्या गाठीले केस हायत. हे कोणतं?"

"मारवेल."

"आम्ही त्याले दुसरं म्हणतो, पण ठीक हाय. हे सहा. हे पाह्य, ह्याचं बूड चपटं, मूळ पिवळं. हे आमच्याकडचं. सात. त्यातले हे तीन जाड बुडाचे, माह्या वावरातले." वासाची तिखाडी तर डोळे मिटून वेगळी करता आली असती, ती दहा निघाली. सहा, सात, दहा. बरोबर तेवीस. तिच्या बोटांत चव्वेचाळीस वर्षांची ओळख होती, आणि ती सगळी शत्रू म्हणून झालेली.

मी क्रमांक वाचायचो, टेप धरायचो, जागा दाखवायचो. ती पाती वीतभर ठेवून विळ्यानं कापायची, खड्डा करायची, ठोंब बसवायची आणि टाचेनं दाबायची. माझी लावणी पाहून ती सुरुवातीलाच म्हणाली होती, "तू हलक्या हातानं लावतं. बाळंतिणीचं लेकरू नाही हे. मुळाजवळ हवा राह्यली का मेलं." मग तिनं टाच लावून दाखवली. मी टाच लावली. "अजून," ती म्हणाली. शेजारी फाटकाशी येऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांना म्हशीची आठवण झाली नाही.

अकरा वाजता बायको चहा घेऊन आली. आम्हा दोघांचे गुडघे काळे झाले होते. ती कापलेल्या पात्या आणि तुऱ्यांच्या ढिगापाशी उभी राहिली. मी ते टोपलीत भरून फेकायच्या बेतात होतो.

"ते फेकू नका," ती म्हणाली.

"काहून?" मी विचारलं.

तिनं तुरे वेगळे करून आत नेले, मागच्या कुसळाचे आणि वाळ्याचे थोडे कापून आणायला सांगितले आणि कांसाचे पाच मोजून घेतले. माळ्यावरचे दोन पितळी गुंड, पाण्याचे जुने घडे, चिंच लावून घासले. महालक्ष्म्या बसवायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना ते गुंड ठेवले आणि त्यांत तुरे उभे केले. मागे तांबूस वाळा, मध्ये मारवेलाची जांभळी बोटं, पुढे पवन्या आणि वर कांसाचे पांढरे झुबके. खाली तिखाडीची पाती पसरली. मग मात्र ती थबकली. "आक्का, पण लक्ष्म्यांजवळ गवत चालतं का हो?"

आक्का न्हाणीतून हात पुसत आली. "आघाडा चालते, दूर्वा चालते. मंग हे कायले नाही चालणार? हेही त्याच धुऱ्यावरचं हाय."

लागवड बारा वीसला संपली. दुपारी पाऊस आला, मध्यम, दीड तास. मी खिडकीतून पाहत राहिलो. सायंकाळी दारातून हळदीकुंकवाची पावलं काढत महालक्ष्म्या आत आल्या.

दुसऱ्या दिवशी अडतीस माणसं जेवून गेली. वाटेच्या कडेला तेवीस वीतभर खुंट आणि काळी माती होती. बाग म्हणावं असं तिथं काही नव्हतं आणि मी त्या बाजूला कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून दारातच उभा होतो. पण घरात पाऊल टाकलं की लोक थांबत. आधी वास विचारत, मग गुंडांपाशी जात. "हे कुठून मागवलं?" हा प्रश्न मी त्या दिवशी नऊ वेळा ऐकला. भाऊबीजेला जिच्या पैठणीला कुसळं लागली होती, त्या माझ्या मेहुणीनं मारवेलाचा तुरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"अहो, हे नागपूरचं का?"

"नाही," माझी बायको म्हणाली. "आमच्या बागेतलं."

मी पुरणपोळीचं ताट घेऊन चाललो होतो. ते घेऊन तसाच दोन मिनिटं उभा राहिलो असेन. ती माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाली, "एकेचाळीस ठोंब आहेत. सहा जातींचे. काल थोडी उलथापालथ झाली, नाही तर बाहेरूनच दाखवलं असतं." आकडा तिला पाठ होता. मी तिला कधी पाठ करायला सांगितला नव्हता.

आक्का पंगतीत वाढत होती. ती मेहुणीला म्हणाली, "उलथापालथ मीच केली व. माह्यासारख्या बाईच्या हातात कुदळ देऊन हा बाजारात गेलता, मंग दुसरं काय होईन?"

तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं. आक्काची बस दुपारची होती. सकाळी सातला ती पुन्हा पट्टीत बसली आणि तीन तास हरळी काढत राहिली. एकेक पेर, मुळासकट. मी म्हणालो, राहू दे, मी रविवारी करीन. ती म्हणाली, "तुह्या रविवारानं नाही होत हे. हे माहं काम हाय." जाताना तिनं पट्टीकडे वळून पाहिलं.

पुढचे तीन आठवडे दर गुरुवारी तिचा फोन यायचा. नमस्कार नाही, चौकशी नाही. "तेविसातले किती?" पहिल्या गुरुवारी अकरांना नवं पातं होतं. दुसऱ्या गुरुवारी अठरा. एकविसाव्या दिवशी मी सकाळी भिंग घेऊन बसलो आणि वीस मोजले. उरलेल्या तिघांची बुडं दाबून पाहिली, ती पोकळ लागली. तिन्ही पवन्या होते, पण ओळ सहा, सात, आठचे नव्हते. तिच्या धुऱ्यावरचे तिन्ही जगले.

"वीस!" ती फोनवर ओरडली. मग पलीकडे भाऊजींना सांगताना ऐकू आलं, "वीस धरले हो, वीस!" आमच्या घराण्यात गवत जगल्याचा आनंद कोणी केला असेल, तर ती पहिली वेळ.

त्याच आठवड्यात गट्टूवाला आला. बायकोनंच बोलावलं होतं. मी पायरीवर बसलो. त्यानं फाटकाशी खुंटी ठोकली, दोरी काढली आणि पायरीपर्यंत आणली. दोरी पट्टीत दीड फूट आत गेली होती. बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"दोरी इकडं घ्या."

"मॅडम, साडेपाच फूट रुंद छान दिसन."

"चार फूट. फाटकापासून पायरीपर्यंत, बस. तिकडं गवत आहे." मग माझ्याकडे वळून, "अहो, टेप द्या यांना. मोजून घेऊ दे."

मी टेप दिला. दुसरं टोक मी स्वतः धरलं.

त्या संध्याकाळी नकाशा नवा काढला. तीन गोल रिकामे ठेवले, पुढच्या पावसाळ्यासाठी. वीस ओळींत "कधी लावला" ही तारीख बदलली. शेवटच्या रकान्यात "स्वतः" खोडलं आणि वीसही ठिकाणी "आक्का" असं शाईनं लिहिलं.

आता ऑक्टोबर संपत आला आहे. मागच्या भिंतीशी असलेल्या तिखाडीच्या चार ठोंबांना तुरे आले आहेत, सकाळच्या उन्हात विटकरी दिसतात. आक्कानं लावलेले तिखाडीचे दहाही ठोंब यंदा फुलणार नाहीत, ते अजून गुडघ्याएवढेच आहेत. आज सकाळी सर्वांत उंच पातं मोजलं. एक फूट सात इंच. शेजारी फाटकाशी थांबले होते. म्हणाले, "साहेब, ह्यातला एखादा फुटवा आमच्याकडं लागन काय?"

"पावसाळ्यात देतो," मी म्हणालो. "पण टाचेनं दाबावा लागेल."